फोलेट-संश्लेषण रोधक प्रतिजैविके

फोलेट-संश्लेषण रोधक प्रतिजैविके हा जीवाणूंच्या पेशीत फोलेट या जीवनसत्त्वाची निर्मिती थांबवणाऱ्या औषधांचा गट आहे. सल्फोनामाइडे (बोलीभाषेत 'सल्फा औषधे'), डॅप्सोन आणि ट्रायमेथोप्रिम ही या गटातील प्रमुख औषधे होत. सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम यांचे मिश्रण को-ट्रायमॉक्साझोल या नावाने ओळखले जाते. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया आणि कुष्ठरोग यांवरील उपचारांत या औषधांना महत्त्वाचे स्थान आहे. काटेकोर अर्थाने 'प्रतिजैविक' हा शब्द सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांसाठी वापरला जातो. ही औषधे पूर्णतः प्रयोगशाळेत तयार झालेली असली, तरी व्यवहारात त्यांचा समावेश प्रतिजैविकांतच केला जातो.

महाराष्ट्राचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. फोलेटच्या शोधाकडे नेणारे आरंभीचे संशोधन मुंबईत झाले. दुसरीकडे डॅप्सोन हे औषध राज्याच्या कुष्ठरोग निर्मूलन कार्याचा दीर्घकाळ आधार राहिले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत कुष्ठरोग, सिकलसेल आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असे तीन प्रश्न एकाच भूभागात आढळतात. त्यामुळे या औषधांचे कार्य आणि त्यांचे धोके समजून घेणे येथे विशेष उपयुक्त ठरते.

फोलेटचे कार्य

फोलेट हे 'ब' गटातील जीवनसत्त्व (ब-९) आहे. पेशीत ते टेट्राहायड्रोफोलेट या रूपात सहविकर म्हणून काम करते. एक कार्बन अणू असलेले लहान रासायनिक गट एका रेणूकडून घेऊन दुसऱ्या रेणूला देणे, हे त्याचे मुख्य कार्य होय. डीएनएचा घटक असलेले थायमिडिलेट, डीएनए व आरएनए या दोहोंना लागणारी प्युरिने आणि मेथिओनिन हे अमिनो आम्ल यांच्या निर्मितीसाठी हे गट आवश्यक असतात. जीवाणूंमध्ये प्रथिननिर्मितीचा आरंभ फॉर्माइल-मेथिओनिनपासून होतो, आणि त्यातील फॉर्माइल गटही फोलेटकडूनच येतो. फोलेट संपले की पेशीला नवीन डीएनए बनवता येत नाही आणि तिचे विभाजन थांबते.

मानवी पेशी फोलेट तयार करू शकत नाहीत. माणसाला ते आहारातून मिळवावे लागते. पालक, मेथी व चवळई यांसारख्या पालेभाज्या, हरभरा, मूग व उडीद यांसारखी कडधान्ये, तसेच शेंगदाणे हे फोलेटचे चांगले स्रोत आहेत. खानदेशात ज्वारीबरोबर उडीद दळून केली जाणारी कळण्याची भाकरी हेही उडदामुळे असाच एक स्रोत ठरते.

बहुतेक रोगकारक जीवाणूंची स्थिती नेमकी उलट असते. त्यांच्या पेशीपटलात तयार फोलेट आत घेणारी वाहक यंत्रणा नसते, त्यामुळे भोवताली मुबलक फोलेट असले तरी त्यांना ते स्वतःच बनवावे लागते. या फरकामुळेच फोलेटची निर्मिती थांबवणारे औषध जीवाणूला मारक आणि रुग्णाला बहुतांशी निरुपद्रवी ठरू शकते. औषधशास्त्रात या गुणाला निवडक विषाक्तता म्हणतात.

जीवाणूंमधील निर्मितीचा मार्ग

जीवाणूंमध्ये फोलेट पुढील क्रमाने तयार होते:

१. ग्वानोसिन ट्रायफॉस्फेट (जीटीपी) या प्युरिन रेणूपासून टेरिन नावाची दुहेरी वलयरचना तयार होते आणि तिला पायरोफॉस्फेट गट जोडला जातो.

२. दुसऱ्या मार्गाने कोरिस्मेट या संयुगापासून पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल (पाबा) तयार होते.

३. डायहायड्रोटेरोएट सिंथेज हे विकर टेरिन व पाबा यांना जोडून डायहायड्रोटेरोएट बनवते.

४. त्याला ग्लुटामेट हे अमिनो आम्ल जोडले जाऊन डायहायड्रोफोलेट तयार होते.

५. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर डायहायड्रोफोलेटचे क्षपण करून कार्यक्षम टेट्राहायड्रोफोलेट बनवते.

यांपैकी तिसरी पायरी मानवी पेशीत अस्तित्वात नाही. पाचवी पायरी मात्र माणसातही असते, कारण आहारातून आलेल्या फोलेटचेही क्षपण करावे लागते. सल्फोनामाइडे व डॅप्सोन तिसरी पायरी अडवतात, तर ट्रायमेथोप्रिम पाचवी.

कार्यपद्धती

सल्फोनामाइडे

सल्फोनामाइडाच्या रेणूचा आकार पाबासारखा असतो. दोन्हींत बेन्झीन वलयाच्या एका टोकाला अमिनो गट असतो. दुसऱ्या टोकाला पाबामध्ये कार्बोक्सिल गट, तर सल्फोनामाइडात सल्फोनामाइड गट असतो. या साम्यामुळे डायहायड्रोटेरोएट सिंथेजच्या क्रियास्थळी पाबाऐवजी औषध बसते. काही वेळा विकर औषधालाच टेरिनशी जोडून टाकते. अशा वेळी तयार होणारा रेणू फोलेटच्या निर्मितीस निरुपयोगी असतो आणि टेरिनही वाया जाते.

हा अवरोध स्पर्धात्मक आहे. पाबाचे प्रमाण वाढले की औषधाचा प्रभाव घटतो. प्रोकेन या भूल देणाऱ्या औषधाच्या विघटनातून पाबा तयार होत असल्याने तेही सल्फाच्या कार्यात अडथळा आणते.

सल्फोनामाइडांचा परिणाम तत्काळ दिसत नाही. जीवाणूच्या पेशीत आधीपासून असलेला फोलेटचा साठा प्रत्येक विभाजनाबरोबर कन्यापेशींत वाटला जातो. काही पिढ्यांनंतर तो अपुरा पडतो आणि मगच वाढ थांबते. एकटी वापरल्यास ही औषधे सामान्यतः जीवाणूंची वाढ रोखतात, त्यांना थेट मारत नाहीत. उरलेले जीवाणू नष्ट करण्याचे काम शरीराच्या प्रतिकारशक्तीला करावे लागते.

डॅप्सोन

डॅप्सोन हे सल्फोन वर्गातील औषध आहे. त्याच्या रेणूत एका सल्फोन गटाच्या दोन्ही बाजूंना अमिनो गट असलेली बेन्झीन वलये असतात. तेही पाबाशी स्पर्धा करून डायहायड्रोटेरोएट सिंथेजला अडवते. कुष्ठरोगाच्या मायकोबॅक्टेरियम लेप्री या जीवाणूवर ते विशेष परिणामकारक आहे.

ट्रायमेथोप्रिम

ट्रायमेथोप्रिमची रचना डायहायड्रोफोलेटमधील टेरिनच्या भागाशी मिळतीजुळती असते. ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेजच्या क्रियास्थळी घट्ट बसते. हे विकर मानवी पेशीतही असले, तरी दोहोंच्या रचनेत सूक्ष्म फरक आहे. त्यामुळे मानवी विकराच्या तुलनेत जीवाणूच्या विकराला ट्रायमेथोप्रिम हजारो पटींनी अधिक घट्ट जखडते. याउलट मेथोट्रेक्सेट हे औषध मानवी विकराला अडवते, म्हणून त्याचा उपयोग कर्करोग व संधिवातात केला जातो. पायरिमेथामाइन हे हिवतापाच्या परजीवीतील याच विकरावर काम करते.

थायमिडिलेट तयार होताना टेट्राहायड्रोफोलेटचे रूपांतर पुन्हा डायहायड्रोफोलेटमध्ये होते. डीएनए बनवणाऱ्या पेशीला ते सतत पूर्ववत करून घ्यावे लागते. ट्रायमेथोप्रिम हे पुनर्चक्रण बंद पाडते, त्यामुळे आधीचा साठाही वेगाने निकामी होतो. म्हणूनच त्याचा परिणाम सल्फोनामाइडांपेक्षा लवकर दिसतो.

संयुक्त परिणाम

एकाच मार्गातील दोन पायऱ्या एकदम अडवल्यास परिणाम दोन औषधांच्या बेरजेहून अधिक होतो. को-ट्रायमॉक्साझोलच्या नेहमीच्या गोळीत ४०० मिलिग्रॅम सल्फामेथॉक्साझोल व ८० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम, म्हणजे ५ : १ असे प्रमाण असते. ट्रायमेथोप्रिम ऊतींत अधिक पसरत असल्याने रक्तद्रवात हे प्रमाण सुमारे २० : १ होते. प्रयोगशाळेत अनेक जीवाणूंविरुद्ध हेच प्रमाण सर्वाधिक प्रभावी आढळले आहे.

सल्फामुळे डायहायड्रोफोलेट कमी पडते आणि त्यामुळे ट्रायमेथोप्रिमचे काम सोपे होते, असे या परिणामाचे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात होते. २०१८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली. टेरिन ज्या प्युरिन रेणूपासून बनते, त्या प्युरिनाच्या निर्मितीलाही फोलेट लागते. ट्रायमेथोप्रिममुळे फोलेट घटले की टेरिनचा पुरवठाही घटतो आणि सल्फाचा अवरोध अधिक तीव्र होतो. अशा प्रकारे दोन्ही औषधे एकमेकांचा परिणाम वाढवतात.

पू असलेल्या जागी परिणाम कमी का होतो

मृत पेशींच्या विघटनामुळे पुवात थायमिडिन व प्युरिने मोठ्या प्रमाणावर असतात. फोलेटपासून अखेर जे बनवायचे, तेच जीवाणूला तयार मिळाल्यामुळे त्याची वाढ चालू राहू शकते. म्हणून गळू किंवा पुवाने भरलेल्या जखमेत केवळ या औषधांवर विसंबता येत नाही, पू काढून टाकणे आवश्यक असते. एन्टेरोकोकस हे जीवाणू बाहेरील फोलेट वापरू शकत असल्याने त्यांच्यावरही या औषधांचा भरवसा धरला जात नाही.

इतिहास

सल्फॅनिलामाइड हे संयुग पॉल गेल्मो यांनी १९०८ मध्ये तयार केले होते, परंतु त्याचा औषधी गुण तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याचा जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांवर उपयोग होतो, हे १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी शरीरात प्रॉन्टोसिलचे विघटन होऊन सल्फॅनिलामाइड तयार होते आणि तेच खरे औषध आहे, हे सिद्ध केले. डोमाक यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, परंतु नाझी राजवटीच्या दबावामुळे त्यांना ते नाकारावे लागले.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फॅनिलामाइड डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. त्यात शंभराहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर १९३८ मध्ये तेथे औषधांच्या सुरक्षिततेची चाचणी कायद्याने बंधनकारक झाली. याच द्रवाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणाची चौकशी लेंटिन आयोगाने केली.

सल्फा औषधे नेमके काय अडवतात, याचा उलगडा १९४० मध्ये डोनाल्ड वूड्स यांनी केला. यीस्टच्या अर्कात सल्फाचा परिणाम नाहीसा करणारा पदार्थ आहे आणि तो पाबासारखा वागतो, असे त्यांना दिसले. ट्रायमेथोप्रिम हे जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधन गटाच्या कार्यातून पुढे आले. हिचिंग्ज, गर्ट्रूड एलियन व जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. को-ट्रायमॉक्साझोल १९६८ पासून वापरात आले.

मुंबईतील संशोधन

ब्रिटिश वैद्यक ल्युसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईतील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत केला. या रुग्णांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या असत. हा आजार जंतूंमुळे नसून निकृष्ट आहारामुळे होतो, असे त्यांना आढळले. यीस्टचा अर्क असलेले मार्माइट दिल्यावर रुग्ण बरे होत. हे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अर्कातील अज्ञात घटकाला पुढे 'विल्स घटक' म्हटले जाऊ लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक वाढपोषक आम्ल वेगळे करण्यात आले. 'पान' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने त्याचे संश्लेषण केले. त्याची रचना स्पष्ट झाल्यावर पाबा हा त्याचाच एक भाग असल्याचे दिसले. गिरणी कामगार स्त्रियांना बरे करणारा यीस्टमधील घटक आणि सल्फाला निष्प्रभ करणारा यीस्टमधील पदार्थ हे एकाच रासायनिक मार्गावरचे निघाले.

महाराष्ट्रातील उपयोग

कुष्ठरोग

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले, तेव्हा या रोगावर परिणामकारक औषध उपलब्ध नव्हते. १९४० च्या दशकात सल्फोन औषधांनी ही स्थिती बदलली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने वर्ध्यातून सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी कार्यपद्धती रूढ केली. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. या सर्व कार्याचा आधार डॅप्सोन हे एकमेव औषध होते.

कुष्ठरोगाच्या जीवाणूचे विभाजन सुमारे दोन आठवड्यांतून एकदा होते. डॅप्सोनने तो हळूहळू आटोक्यात येत असल्याने उपचार अनेक वर्षे, काही रुग्णांत आयुष्यभर चालत. एकच औषध इतका काळ दिल्यामुळे आणि ते अनियमितपणे घेतले गेल्यामुळे प्रतिरोधी जीवाणू टिकून राहिले. १९६४ मध्ये मलेशियात डॅप्सोनला दाद न देणाऱ्या जीवाणूंचे अस्तित्व सिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये डॅप्सोन, रिफाम्पिसिन व क्लोफाझिमिन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. तो प्रथम सुरू झालेल्या देशातील जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. २००५ च्या अखेरीस देशातील रुग्णप्रमाण दर दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आले, मात्र रोग पूर्णपणे नाहीसा झालेला नाही.

बालकांचा न्यूमोनिया

गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते व दाया यांच्यामार्फत बालकांच्या न्यूमोनियावर को-ट्रायमॉक्साझोलचे उपचार केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांत न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू सुमारे निम्मे होते. स्वस्त, तोंडाने देता येणारे आणि कमी मात्रांचे औषध असल्यामुळे हा उपचार रुग्णालयाबाहेर शक्य झाला.

खानदेशातील संदर्भ

खानदेशच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आहेत. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांच्या डोंगराळ भागात भिल्ल, पावरा व तडवी या समाजांची वस्ती आहे, तर धुळ्याच्या पश्चिमेस साक्री तालुक्यात भिल्लांबरोबर कोकणा व मावची समाज राहतात.

जी-६-पीडीची कमतरता

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज (जी-६-पीडी) हे विकर तांबड्या पेशींचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करते. त्याची आनुवंशिक कमतरता भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळते. ती क्ष-गुणसूत्राशी निगडित असल्याने पुरुषांत अधिक दिसते. डॅप्सोनपासून शरीरात तयार होणारी संयुगे तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात. जी-६-पीडी कमी असलेल्या व्यक्तीत त्यामुळे पेशी झपाट्याने फुटतात. गडद रंगाची लघवी, डोळे पिवळे होणे, धाप लागणे व अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. अशी लक्षणे दिसल्यास औषध थांबवून तातडीने वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते. सल्फामेथॉक्साझोलचा या बाबतीतला धोका डॅप्सोनपेक्षा बराच कमी मानला जातो. हा दुष्परिणाम फोलेटशी संबंधित नाही. तो औषधाच्या वेगळ्या रासायनिक गुणामुळे घडतो.

सिकलसेल आणि फोलिक आम्ल

भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. त्यात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने नवीन पेशी बनवण्यासाठी फोलेटची गरज वाढते, म्हणून रुग्णांना फोलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्यांमुळे सल्फा औषधे निकामी होतील अशी शंका घेतली जाते. परंतु बहुतेक रोगकारक जीवाणूंना बाहेरील फोलेट घेता येत नसल्यामुळे सर्वसाधारण जिवाणुसंसर्गात तसे होत नाही. ट्रायमेथोप्रिमचा दीर्घकाळ वा मोठ्या मात्रेत वापर झाल्यास आधीच फोलेट कमी असलेल्या व्यक्तीत, विशेषतः गरोदर स्त्रीत, रक्तक्षय वाढू शकतो.

उन्हाळा आणि सल्फा औषधे

जळगाव व भुसावळ परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. घामामुळे लघवीचे प्रमाण घटते व ती दाट होते. सल्फाडायझिनसारखी जुनी सल्फा औषधे आम्लधर्मी लघवीत कमी विरघळतात आणि त्यांचे स्फटिक मूत्रपिंडात साचू शकतात. त्यामुळे सल्फा औषधे घेताना भरपूर पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो. काही व्यक्तींच्या त्वचेवर या औषधांमुळे उन्हाने चट्टेही उठतात.

दुष्परिणाम

सल्फोनामाइडांमुळे त्वचेवर पुरळ येणे हा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम आहे. क्वचित स्टीव्हन्स-जॉन्सन लक्षणसमूहासारखी प्राणघातक प्रतिक्रिया होते. नवजात बालकांत ही औषधे रक्तातील प्रथिनांपासून बिलिरुबिनला विलग करून मेंदूस इजा पोहोचवू शकतात, म्हणून प्रसूतीच्या सुमारास व जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ती टाळली जातात. ट्रायमेथोप्रिममुळे रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. डॅप्सोनच्या सेवनानंतर काही आठवड्यांनी ताप, पुरळ व यकृताची सूज असा अतिसंवेदन लक्षणसमूह काहींना होतो. एचएलए-बी*१३:०१ हे जनुकरूप असलेल्यांत त्याचा धोका अधिक असतो.

प्रतिरोध

या औषधांना जीवाणू अनेक मार्गांनी प्रतिरोध करतात:

- मूळ विकरात बदल: जनुकातील उत्परिवर्तनामुळे विकरात औषध नीट बसत नाही. डॅप्सोन-प्रतिरोधी कुष्ठजीवाणूत डायहायड्रोटेरोएट सिंथेजच्या ५३ व ५५ या स्थानांवर असे बदल आढळतात.
- पर्यायी विकर: सल-१, सल-२ व डीएफआर या जनुकांमुळे औषधाला न जुमानणारे दुसरे विकर मिळते. ही जनुके प्लाझ्मिडांवर व इंटिग्रॉनांत असल्याने एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात.
- अतिरिक्त निर्मिती: पाबा किंवा लक्ष्य विकर अधिक प्रमाणात तयार करून औषधाला मात दिली जाते.
- प्रवेशबंदी: औषध पेशीत शिरू न देणे किंवा आत आलेले बाहेर टाकणे.

सल-१ हे जनुक बहुधा इतर प्रतिजैविकांच्या प्रतिरोधी जनुकांसोबत एकाच इंटिग्रॉनमध्ये असते. परिणामी दुसऱ्याच औषधाच्या अतिवापरामुळेही सल्फा-प्रतिरोध टिकून राहतो. कुक्कुटपालन व पशुपालनातील सल्फा औषधांचा अनियंत्रित वापर हेही प्रतिरोध पसरण्याचे एक कारण आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गात को-ट्रायमॉक्साझोल देण्यापूर्वी लघवीतील जीवाणूंची संवेदनक्षमता तपासणे त्यामुळे इष्ट ठरते.

हेही पहा

- फोलिक आम्ल
- कुष्ठरोग
- सिकलसेल
- प्रतिजैविक प्रतिरोध
- हाफकिन संस्था
- यल्लाप्रगडा सुब्बाराव